समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा किनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही मी इथे काठाकाठानेच गाडी चालवायचं ठरवलं. कोरडा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख कसा जगला, हे त्याच्या तळ्या-बारवांपाशीच कळेल असं वाटत होतं. सोबतीला जुनी मारुती व्हॅन आणि माझा कुत्रा शेरू. मागची सीट काढून तिथे त्याची गोधडी अंथरली, पाण्याचे कॅन आणि स्टोव्ह ठेवला. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून याच भागातून जातो, पण त्यावर मनात येईल तिथे थांबता येत नाही. म्हणून जालन्याहून जुना रस्ता धरला.

सिंदखेडराजाला लोक येतात ते लखुजी जाधवांच्या वाड्यासाठी. १२ जानेवारी १५९८ हा त्यांच्या लेकीचा, जिजाऊंचा, इथला जन्मदिवस. दरवर्षी त्या तारखेला गाव माणसांनी भरून जातं. मी गेले तेव्हा वाड्यात शांतता होती. शेरूला घेऊन मी मोती तलावाच्या बांधावर बराच वेळ चालले. घडीव दगडाचं बांधकाम बघताना हात आपोआप त्यावर फिरतो. गावात चांदणी तलाव आहे, पायऱ्या उतरून जायच्या बारवा आहेत. एका सरदार घराण्याने पाण्यावर एवढी मेहनत घेतली होती! जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजींना मुलांसह दग्याने मारलं. त्यांची भव्य समाधी इथेच आहे. पुढे जिजाऊंनी उजाड पुणं पुन्हा वसवायला घेतलं, तेव्हा या गावातली तळी त्यांना आठवली असतील, असं मला मनापासून वाटतं.

दुसरबीड, बीबी मागे टाकून लोणारकडे वळले. दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी. मग जमीन किंचित चढते आणि समोर एकाएकी संपते. खाली सुमारे १.८ किलोमीटर रुंद, काठापासून दीडशे मीटर खोल विवर, आणि तळाशी खारं पाणी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या खडकात अवकाशातून आलेला दगड आदळला. कधी, यावर अजून एकमत नाही: एका मोजणीने बावन्न हजार वर्षं, दुसरीने पाच लाख सत्तर हजार. हे ज्वालामुखीचं तोंड असावं, असंच अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. १९७०च्या दशकात खडकात आघाताने बनलेली काच सापडली आणि तो वाद मिटला. गावाने मात्र स्वतःचं उत्तर केव्हाच शोधलं होतं: इथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. त्याच्या भिंतींवरच्या कोरीव कामासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

सरोवर अभयारण्यात आहे, कुत्र्याला खाली नेता येत नाही. नियम योग्यच आहे. त्या झाडीत मोर आहेत, माकडं आहेत. पण एकट्या माणसाने काय करायचं? काठावरच्या टपरीवाल्या काकांनीच प्रश्न सोडवला.

“ताई, राहू द्या त्याले इथं. पाणी ठेवतो मी.”

सावलीत शेरूला बांधून मी उतरले. वाटेत गोमुखाची धार, बारमाही गोडं पाणी. थोडं खाली गेलं की झाडी, मग कमळजा देवीचं देऊळ, आणि पुढे बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी. सामू दहाच्या आसपास, त्यामुळे मासे नाहीत. मिठात रमणारे सूक्ष्मजीव मात्र भरपूर. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते त्यांच्याच रंगाने, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवलं. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारची नोंद आहे: काच आणि साबणाला लागणारा कच्चा माल इथे मिळतो, महसूलही येतो. आज तो धंदा नाही. नोव्हेंबर २०२० पासून सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. यादीत नाव आलं म्हणून तळं वाचत नाही. गावाचं सांडपाणी या विवरात एक थेंबही उतरता कामा नये. गोडं आणि खारं यांचा इथला तोल एकदा बिघडला, तर तो कुणाला पुन्हा जमवता येणार नाही.

वर आले तेव्हा शेरू काकांच्या पायाशी पसरला होता. पाण्याचं भांडं रिकामं. काकांनी पैसे घेतले ते फक्त चहाचे, आणि मेहकरला पैनगंगेच्या कडेने जायची वाट समजावून सांगितली.