येणार का?

हॉकी म्हटले की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे मैदान येते आणि खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. या शब्दाला जगाच्या दुसऱ्या टोकाला निराळा अर्थ आहे, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. पण तो अर्थ नीट कळला 2018 च्या जूनमध्ये. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या वर्षी सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही टोरंटोला लागून असलेल्या मिसिसॉगा शहरी गेलो होतो. आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ 2001 पासून तिथे आहे. त्याचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, आणि बर्फावरच्या हॉकीखेरीज त्याला दुसरा विषय नव्हता.

गंमत अशी की त्या वर्षी जूनच्या उत्तरार्धात तिकडे सामनेच नव्हते. स्पर्धा संपलेली, नवा हंगाम ऑक्टोबरात. खेळ नसताना खेळाची जी अखंड चर्चा चालते ती आम्ही ऐकत होतो. चर्चेला कारण होते. नॅशनल हॉकी लीगच्या नियमानुसार, वयाची किंवा खेळलेल्या हंगामांची ठरावीक अट पूर्ण केलेल्या खेळाडूचा करार संपला की तो 1 जुलैच्या दुपारी बारा वाजता मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी नवा करार करू शकतो. तिकडे त्याला 'फ्री एजंट' म्हणतात. आपण करारमुक्त म्हणू. त्या वर्षीचा सर्वांत मोठा करारमुक्त खेळाडू होता जॉन टॅवारेस. नऊ हंगाम तो न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाकडून खेळला होता, त्या संघाचा कर्णधार होता. पण जन्म मिसिसॉगाचा आणि बालपण शेजारच्या ओकव्हिलचे. म्हणजे भाच्याच्या हिशेबी तो 'आपल्या गल्लीतला'. आणि टोरंटो मेपल लीफ्स या भाच्याच्या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला होता तो 1967 साली.

भाच्याने एक वही केली होती. तिच्या डाव्या पानावर गणित: त्या हंगामाची वेतनमर्यादा प्रत्येक संघाला 7 कोटी 95 लाख डॉलर, त्यात एकाला कोटीभर डॉलर दिले तर मॅथ्यूज, मार्नर आणि नायलँडर या तरुण खेळाडूंचे करार नव्याने करताना उरणार किती? उजव्या पानावर पुरावे: तो कुठे वाढला, लहानपणी कुठल्या संघाचा चाहता होता, मुलाखतीत कोणता प्रश्न त्याने टाळला. ती पाने पाहताना आम्हाला आमच्याच व्यवसायाची आठवण झाली. ही तर पाठचिकित्सा! संहिता अपुरी, कर्ता मौनात, आणि अभ्यासक एकेका अक्षरावर घसरगुंडी खेळताहेत. फरक एवढाच की येथे निष्कर्ष आधी ठरला होता आणि पुरावे मागून येत होते. अर्थात हीही खोड आमच्या संशोधनक्षेत्रात अपरिचित नाही.

दोन वर्षांपूर्वी हेच सारे स्टीवन स्टॅमकोसच्या बाबतीत झाले होते. तोही याच परिसरातला, मार्कमचा. खेळत होता टॅम्पा बे लायटनिंगकडून. 2015 साली ट्विटरवर, तो टोरंटोला येईल का अशा आशयाच्या एका मजकुराला त्याच्याकडून पसंतीची खूण झाली. चुकून झाले, असे तो नंतर म्हणाला. हस्तदोष की कर्त्याचा हेतू, यावर ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर व्हावा तसा खल शहरभर झाला. 29 जून 2016 रोजी, मोकळा होण्यास दोनच दिवस उरले असताना, त्याने टॅम्पाशीच आठ वर्षांचा करार केला. भाचा तेव्हा जेवला नव्हता, असे त्याच्या आईने आम्हाला सांगितले.

आम्ही हसलो. हसता हसता आमच्या लक्षात आले की अशी एक वही आमच्या घरातही होती. फक्त ती कोणी लिहून ठेवली नव्हती. भाऊ गेला तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता. मिरजेच्या घरात त्याच्या आईने सतरा वर्षे पुरावे जमवले. स्कूटर विकू नको म्हणाला, म्हणजे येणार. तबला नेला नाही, म्हणजे येणार. बँकेतले खाते चालू ठेवले आहे, म्हणजे येणार. त्याने मिसिसॉगात घर घेतले तेव्हा त्यांनी त्याचाही अर्थ लावला होता: घराला चांगली किंमत आली की विकून येईल. आम्ही दोघे त्यांना कधी दुजोरा देत असू, कधी विषय बदलत असू. आमचेही मत निष्कर्षाकडून पुराव्याकडेच जात असे.

1 जुलै 2018 हा रविवार होता. तो कॅनडाचा राष्ट्रीय दिन. रस्त्यावर लाल-पांढरे झेंडे, आणि उकाडा असा की मिरज बरी. टोरंटोची दुपार म्हणजे मिरजेची रात्र. रविवारी जेवण आटोपून आईंनी फोन लावावा, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. त्याप्रमाणे फोन आला. आमची चौकशी झाली, पावसाचे झाले, आणि मग नेहमीचा प्रश्न, तोही नेहमीसारखा सहज विचारल्याच्या आवाजात, "या दिवाळीला जमंल का रे?" भाऊ म्हणाला, "बघतो."

तेवढ्यात भाचा जिन्यावरून धावत आला. फोनवर आजी आहे हे पाहून आपल्या आनंदाचे त्याने जागच्या जागी मराठीत भाषांतर केले, "आजी, तो येतोय! खरंच घरी येतोय!"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग आईंचा आवाज, "कोण येतंय? कधी?"

त्या खोलीत आम्ही चौघे मोठी माणसे होतो. कोणालाही लगेच बोलता आले नाही. अखेर भावानेच समजावले, हॉकीचा खेळाडू आहे, इथलाच मुलगा, नऊ वर्षे दुसरीकडे खेळत होता, आता इकडच्या संघात आला. आईंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "बरं झालं. त्याच्या आईला बरं वाटंल."

सात वर्षांचा करार, 7 कोटी 70 लाख डॉलर. टॅवारेसने त्या दिवशी मेपल लीफ्सच्या पांघरुणात झोपलेल्या लहान जॉनचे छायाचित्र जगाला दाखवले. वहीच्या उजव्या पानावरचा सर्वांत मोठा पुरावा निकालानंतर हाती आला.

पण घरी येणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरातून जाणे. 28 फेब्रुवारी 2019 रोजी तो लाँग आयलंडच्या जुन्या मैदानावर टोरंटोकडून उतरला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्याच्या नावाचा जर्सी आणि प्लास्टिकचे साप बर्फावर फेकले. आयलंडर्सनी सामना 6-1 असा जिंकला. भाच्याने फोनवर रागाने विचारले, "आत्या, तो आपल्या घरीच गेला ना? मग एवढं काय?" आम्ही काय सांगणार? नऊ वर्षे तीही त्याचे घर असल्याची समजूत करून बसलेली माणसे होती. वाट पाहणारी माणसे सापच फेकतात असे नाही. काही जणी स्कूटरला महिन्यातून एकदा किक मारून ठेवतात. दुःखाची जात मात्र एकच.

पुढचे थोडक्यात सांगतो. चषक टोरंटोला मिळाला नाही. 2023 साली एकोणीस वर्षांनी त्यांनी प्ले-ऑफची एक फेरी जिंकली; जादा वेळेतला निर्णायक गोल टॅवारेसचा होता, आणि समोर होता स्टॅमकोसचा टॅम्पा. 2025 च्या जूनअखेरीस टॅवारेसने पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत टोरंटोतच राहण्याचा करार केला. आणि त्याच आठवड्यात याच परिसरात वाढलेला मार्नर लास व्हेगासला गेला. आई 2022 मध्ये गेल्या. दिवाळीचा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. भाऊ येत असे, तीन आठवडे राहत असे.

भाचा आता व्हँकुव्हरला शिकतो. मिसिसॉगापासून विमानाने पाच तास. परवा भावाचा फोन आला होता. मुलगा शिक्षण संपल्यावर कुठे नोकरी धरणार, ते बोलत नाही म्हणाला. मग थोडा थांबून, "पण ताई, येईल बहुतेक. हॉकीची किट अजून इथंच ठेवलीय त्यानं."

आम्ही म्हणालो, "मग येणारच."