वरताळा

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की आई मला खाली वाण्याकडे पिटाळायची. कधी नवटाक तेल, कधी पावशेर साखर. 1956 च्या कायद्यानं शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले होते, माझा जन्म तर त्यानंतर दहा वर्षांनी झाला. पण लालबागच्या आमच्या चाळीत बायकांच्या तोंडी जुनीच मापं होती. वाणी कच्छी होता. त्याला सगळे शेठ म्हणत. तागडीत साखर पडायची, काटा मधोमध यायचा आणि मग शेठ चिमूटभर साखर वरून टाकायचे. तो वरताळा. कागदाची पुडी बांधून होईपर्यंत माझं लक्ष त्या चिमटीवरच असायचं.

वस्तीतली खाण्यापिण्याची दुकानं बदलली की आपण नव्या पाट्या मोजतो, बंद झालेल्या पाट्यांची हळहळ करतो. मी मात्र अलीकडे वेगळंच पाहू लागले आहे. या वस्तीत सगळ्यात लहान माप कुठलं मिळतं? ज्याच्या मुठीत थोडेच पैसे आहेत, घरी चूल नाही आणि सोबतीला माणूस नाही, त्याचं पोट इथे मानानं भरतं का?

कापडगिरण्यांच्या आमच्या भागानं, गिरणगावानं, या प्रश्नाचं उत्तर खानावळीतून दिलं होतं. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत पंधरा-वीस राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या. बायकामुलं गावाला. त्यांच्या जेवणाची सोय शेजारच्याच कुणा बाईच्या चुलीवर होई. आमच्या समोरच्या काकूंकडे पहिल्या पाळीची माणसं जेवून जायची तोवर दुसऱ्या पाळीची दारात उभी असायची. भाकरी, कालवण, भात. कोकणातल्यांना मासळी, रविवारी मटण. पैसे पगाराच्या दिवशी. काकूंना प्रत्येकाची भूक ठाऊक होती. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला तिसरी भाकरी मागायला लाज वाटते. त्याची भाकरी त्या न विचारता वाढायच्या.

पण त्या भाकरीचं पीठ काकू उधारीवर आणत आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे. अंगावरचा डाग गहाण टाकून त्यांनी दुसऱ्यांची ताटं वाढलेली मी पाहिली आहेत. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. जिच्याकडे तारण म्हणून दाखवायला पोळपाट-लाटण्याखेरीज काही नव्हतं, तिच्या हाताच्या चवीला पत आहे, हे तेव्हा बँकेनं मान्य केलं. मला ही गिरणगावाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते.

वाण्याचंही सगळंच गोड नव्हतं. मापात पाप हा वाक्प्रचार काही उगीच जन्मला नाही. तांदळात खडे निघत आणि उधारी असलेल्याला तक्रार करायला तोंड नसे. म्हणूनच 1948 मध्ये जवळच नायगावात कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि कुणाच्या तरी घरी सामान उतरवून वाटून घ्यायचं. आईला अपना बाजारचं मोठं अप्रूप होतं. तिथे डाळ हातात घेऊन, निरखून पाहता येते, हे ती दर वेळी घरी येऊन सांगायची. फक्त तिथे रोख लागे, आणि महिनाअखेरी रोख नसे. मग मी पुन्हा शेठच्या दारात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा दहावीत होते. काही आठवड्यांत गडी गावाकडे गेले आणि काकूंचा तवा थंड झाला. शेठच्या वहीतलं आमचं पान भरलं, दुसरं लागलं. त्यांनी बाबांना एकदाही नाही म्हटलं नाही. पण वरताळा थांबला. त्यांच्याही डोक्यावर घाऊक व्यापाऱ्याचं देणं असणार, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. ती दोन पानं फेडायला बाबांना दोन वर्षं लागली.

पुढे गिरण्यांच्या जागी काय काय आलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलच्या आवारात हॉटेलं आली. जिथे सूत निघत होतं तिथे आज सुशी मिळते, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो, कोरियन नूडल्स मिळतात. याचं मला दुःख नाही. माझी मुलगी अशा एका हॉटेलात पुस्तक उघडून एकटी जेवत बसते, तेव्हा मला काकू आठवतात. त्यांनी हजारो ताटं वाढली. वाढलेल्या ताटावर स्वतः मात्र त्या कधी बसल्या नाहीत. आमच्या तरुणपणी बाईमाणसानं एकटीनं हॉटेलात जायचं नसे; घरच्यांबरोबर गेलो तर पडद्याआडची फॅमिली रूम. तो पडदा गेला, हे चांगलं झालं. चवी वाढल्या तशी बसायला जागाही मिळाली.

तरी एक गोष्ट मला सलते. ही जागा फार मोठ्या मापाची आहे. मॉलमधल्या दुकानात पाच किलोचं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं. ज्याच्याकडे पाच किलोचे पैसे नाहीत त्याला तोच तांदूळ महाग. आता तर गल्लीत एक असं दुकान आलं आहे, ज्यात गिऱ्हाइकाला प्रवेशच नाही. अर्धं शटर उघडं असतं, आत मांडण्या, आणि बाहेर मोटरसायकलींवर तरुण पोरं ताटकळत असतात. दहा मिनिटांत कोथिंबीर घरी येते. मीही मागवते, गुडघे दुखतात तेव्हा फार उपयोगी पडते. पण त्या पोरांकडे पाहताना जुनीच खोली डोळ्यांपुढे येते. हीसुद्धा गाव सोडून आलेली, भाड्याच्या खोलीत दाटीनं राहणारी माणसं. अख्ख्या वस्तीची भूक पाठीवर वाहतात. त्यांना जेवू घालणारी काकू कुठे आहे?

ती अगदीच नाहीशी झालेली नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात ती आहे. जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत मिळू लागलेल्या सरकारी शिवभोजन थाळीमागचा विचारही तिच्याच चुलीवरचा. पण नव्या उंच इमारतींच्या तळमजल्यावर तिला परवडेल असा गाळा राखून ठेवावा, हे कुणाच्या नकाशात नसतं. ते असायला हवं. उद्यान आणि शाळा यांच्याइतकीच ती वस्तीची गरज आहे.

परवा लालबागच्या चिवडा गल्लीत गेले होते. पुढच्या मसाल्याच्या दुकानांतून मिरचीचा खाट येत होता, डंक चालू होता. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला एक पोरगा माझ्या पुढे उभा होता. वीस रुपयांचा चिवडा द्याल का, असं त्यानं दबत विचारलं. मालकानं काही न बोलता काट्यावर कागद ठेवला, चिवडा तोलला, पुडी बांधली. मग थांबून त्याला हात पुढे करायला सांगितलं आणि तळहातावर एक मूठ वेगळी ठेवली. पोरानं ती तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली. पुडी त्यानं संध्याकाळसाठी खिशात टाकली.