ओढ्याचा आकडा

पुण्याच्या माणसाला क्युसेक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की फोनवर आकडा येतो आणि भिडे पूल बुडणार की नाही हे शाळकरी पोरगंही सांगतं. मी सध्या न्यूयॉर्क राज्यात असतो. एप्रिल-मेमध्ये इथं तोच आकडा बघतो, पण फ्लाय फिशिंगसाठी.

कॅट्सकिल डोंगरातला इसोपस हा माझा ओढा. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळत असतो, त्यात दोन दिवस झोडपून पाऊस झाला की ओढा चहाच्या रंगाचा होतो. कोल्डब्रुक इथल्या मापन केंद्राचा आकडा दर १५ मिनिटांनी नोंदला जातो आणि नेटवर कुणालाही फुकट दिसतो. माझा साधा नियम: हजार क्युसेकच्या वर पाणी असेल तर आत पाय ठेवायचा नाही. काठावरून, संथ पाण्यात जड, गडद माशी टाकायची, नाहीतर वरच्या छोट्या ओढ्यांवर जायचं. ते लवकर चढतात, पण लवकर उतरतात आणि निवळतातही आधी.

इसोपस मात्र पाऊस थांबला तरी लवकर निवळत नाही. हिमयुगातल्या तळ्यांची बारीक चिकणमाती त्याच्या काठांत आहे, ती पाण्यात तरंगत राहते. शिवाय १९२४ पासून २९ किलोमीटरचा एक बोगदा स्कोहारी धरणाचं पाणी याच ओढ्यात आणून सोडतो. ते पुढे अशोकन धरणात जातं (आपल्या अशोकाशी संबंध नाही!) आणि तिथून न्यूयॉर्क शहराच्या नळाला. हे पाणी शहर गाळण प्रकल्पाशिवाय पितं, म्हणजे गढूळपणा ही फक्त ट्राउटवाल्यांची तक्रार नाही.

बोगद्यातून गढूळ पाणी येतं म्हणून इथल्या मासेमारांची संघटना २००० साली थेट शहराविरुद्ध कोर्टात गेली. २००१ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, असं पाणी सोडायला परवाना लागतो. २००३ मध्ये शहराला ५० लाख डॉलरहून जास्त दंड झाला. पुढे केंद्राच्या पर्यावरण खात्यानं अशा पाण्याला परवान्यातून सूट देणारा नियम केला, आणि २०१७ मध्ये तो कोर्टात टिकलाही. म्हणजे कायमचं जिंकलं कोणीच नाही. पण भांडण मोजमापावर झालं, 'आम्हाला वाटतं' यावर नाही.

आता मुद्द्यावर येतो. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. ते पाणी खडकवासल्याचं नव्हतं. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस होता तो. धरणाचा आकडा बघून त्या रात्री कुणालाच काही कळलं नसतं. धरणाला दरवाजे असतात, ते उघडायच्या आधी कुणीतरी निर्णय घेतं, भोंगा वाजतो. ओढ्याला दरवाजा नसतो. तो छोटा असतो म्हणूनच तासाभरात चढतो.

इथं माझ्यासारखा हौशी माणूस मासा मिळेल का म्हणून ओढ्याची पातळी घरबसल्या बघतो. ओढ्याकाठच्या वस्तीत लेकरं झोपलेली असताना पाणी किती चढलंय हे त्यांच्या आईला बघता यायला नको का? ही चैन नाही. पुलाखाली एक सेन्सर, एक फोन नंबर आणि 'इतक्या फुटांवर घर सोडा' अशी भिंतीवर रंगवलेली रेघ, एवढंच. इथंही ही केंद्रं आपोआप चालत नाहीत. बऱ्याच ठिकाणी स्थानिक संस्था खर्चाचा वाटा उचलतात, आणि पैसे थांबले की केंद्र बंद पडतं. म्हणून लोक मागत राहतात.

निवडणुकीत नगरसेवक दारात आले की रस्ते, कचरा, पार्किंग विचाराच. त्यासोबत एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा: आपल्या ओढ्याचा आकडा कुठं बघायचा?

उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तरी लिहा, वॉर्डाच्या नावासकट.