कुत्रा, लिफ्ट आणि पोटातली चौदा इंजेक्शनं

वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मित्र मला विचारतो, "अरे, लॅब घ्यावा म्हणतोय, काय सांगशील?" लॅब म्हणजे लॅब्राडोर. (आमच्या क्षेत्रात हे स्पष्ट करावं लागतं :) ) माझ्याकडे चार वर्षांपासून मोत्या आहे. नवीन पनवेलच्या रस्त्यावरून उचललेला, शुद्ध देशी, एक कान उभा, एक आडवा. तेवढ्यावर मी एक्सपर्ट ठरलोय. दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पैसे. कुत्र्याची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च. मोत्या तर फुकटच आला, तरी महिन्याला साडेतीन-चार हजार सहज जातात. चिकन-भात, अंडी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध आणि दरवर्षी रेबीजची लस. त्यात आपल्याकडचा पाऊस! पनवेलमध्ये चार महिने सगळं ओलं. गोचिडांचा ताप, त्वचेची बुरशी, लेप्टोची भीती. जाड केसांचा हस्की मे महिन्यात कळंबोलीत ठेवायचा तर त्याच्यासाठी दिवसभर एसी लागतो. त्याचं बिल कुत्र्याच्या किमतीत धरलेलं नसतं.

आणि खरा खर्च वेळेचा. मी आठला घर सोडतो, परत येईपर्यंत साडेआठ. आई घरी असते म्हणून आमचं जमतं. दोघंही नोकरीला आणि घराला कुलूप, असं असेल तर कुत्रा बारा तास दाराकडे बघत बसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ओळखीतल्या तिघांनी पिल्लं आणली. ऑफिसं सुरू झाल्यावर त्यातली दोन गावाला 'शिफ्ट' झाली. शिवाय गणपतीत कोकणात जायचं तर कुत्र्याचं काय? रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करा, नाहीतर तो गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. आम्ही मोत्याला हॉस्टेलात ठेवतो, आणि तिथलं बुकिंग गणपतीच्या तिकिटांइतकंच आधी करावं लागतं.

एवढं ऐकूनही पिल्लू विकतच घ्यायचं असेल तर ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागा. २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. क्रमांक विचारल्यावर समोरचा चिडला तर उत्तर मिळालं असं समजा.

आता सोसायटी. आमच्या सभेत दोन वर्षांपूर्वी ठराव आला: कुत्रेवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही आणि महिन्याला पाचशे रुपये जादा भरायचे. मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट घेऊन गेलो. त्यात स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळा आकार लावता येत नाही. सेक्रेटरींनी दोनदा वाचलं आणि ठराव मागे घेतला. मित्रांनी अभिनंदन केलं, आईने पेढे आणले.

पण खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दारात उभा राहिला. चौथ्या मजल्यावरच्या काकू मोत्याला बघून मागे सरकल्या आणि गुडघे दुखत असताना जिना चढायला लागल्या. नंतर आईला त्यांनी सांगितलं. लहानपणी गावात कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, तालुक्याच्या दवाखान्यात, रोज एक. आपल्या पिढीला हा एक विनोद वाटतो, पण ती जुनी लस खरंच तशी दिली जायची. आपल्या देशात ती २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. आता दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात (आणि त्याआधी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हे पाठच करून ठेवा). पण काकूंच्या पोटाला ते कोण सांगणार?

मोत्या चावत नाही हे मला माहीत आहे. काकूंना ते माहीत असायची सक्ती नाही. कायदाही एकतर्फी नाहीच. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हापासून आमचा साधा नियम आहे. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर विचारायचं, नको म्हणाले तर पुढच्या फेरीला जायचं. पट्टा आखूड धरायचा. खिशात कागद आणि पिशवी ठेवायची, कारण त्याची घाण उचलणं हे वॉचमनचं काम नाही. यात माझे रोज चार मिनिटं जातात. पाचशे रुपयांपेक्षा स्वस्तच की!

हे भांडण नवीन नाही. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. २०२५ मध्ये तेच पुन्हा दिसलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने नसबंदी आणि लसीकरण करून सोडायला सांगितलं, मात्र पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश आला. तीन महिन्यांत तीन आदेश! दोन्ही बाजू खऱ्या असल्या की असंच होतं. पहाटे शिफ्टवरून बाइकने येणाऱ्याच्या मागे सहा कुत्री लागतात तेही खरं, आणि आपण टाकलेल्या कचऱ्यावरच ती जगतात तेही खरं.

आपल्या तालुक्यातलं एक चित्र तर जगभर गेलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री दिसली. कासाडी नदीच्या भागात कारखान्यातून आलेला रंग अंगाला लागलेला. लोकांनी फोटो काढले, हसले, हळहळले. मला तेव्हा वाटलं, नदीत काय चाललंय ते आपल्याला कुत्र्यांनी सांगितलं. माणसांनी कितीतरी वर्षं सांगितलेलं कुणी ऐकत नव्हतं.

गावात कुत्रं आळीचं असायचं. उरलीसुरली भाकरी त्याला, रात्रीची राखण आपल्याला. हिशोब सगळ्यांचा मिळून होता. फ्लॅटमध्ये कुत्रा एका घराचा होतो, आणि हिशोबही त्या एका घरालाच चुकता करावा लागतो: पैशाचा, वेळेचा आणि शेजाऱ्याच्या भीतीचा.

तर मित्रा, लॅब घे, नाहीतर एखादा मोत्या घे, तो जास्त बरा. पण आधी तुझ्या मजल्यावरच्या चार दारांच्या बेल वाजव आणि विचार, कुणाला भीती वाटते का. काकू अजूनही मोत्याबरोबर लिफ्टमध्ये येत नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्यांनी आईकडे शिळी पोळी दिली, "तुमच्या त्याला" म्हणून. नाव घेतलं नाही अजून.

चालेल. आम्हाला घाई नाही.