शनिवारची नऊवारी

माझा महिन्यातला एक शनिवार जरा हटके असतो. सोमवार ते शुक्रवार लोअर परळच्या ऑफिसात एक्सेल शीटशी झटापट आणि त्या शनिवारी अडीच तास मेकअप, मग विग, नऊवारी आणि स्टेज. येस, मी ड्रॅग क्वीन आहे. भुवया उंचावल्या ना? उंचावू देत. माझ्या तर दर शोआधी ग्लू स्टिकने चिकटवून झाकाव्या लागतात!

ड्रॅग म्हणजे पुरुषाने बाईचा किंवा बाईने पुरुषाचा वेश करून झोकात परफॉर्म करणं. 'हे अमेरिकन फॅड तुला कुठून लागलं?' असं ऑफिसातला एक दोस्त नेहमी विचारतो. शेवटी त्याला म्हटलं, बॉस, पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर कुणाच्या नावाचं आहे?

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 'चांगल्या घरच्या' बाईने रंगमंचावर जाणं तेव्हा समाजाला चालत नव्हतं, म्हणून बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. आधी भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीपार्ट गाजवला होता. बालगंधर्वांनी तर कमालच केली. त्यांची साडी नेसण्याची, केसांत फुलं माळण्याची स्टाइल घरंदाज बायका कॉपी करायच्या. म्हणजे महाराष्ट्राचा फॅशन आयकॉन एक पुरुष होता! पुढे १९३० च्या दशकात बोलपट आले, नाटकांत बायका दिसू लागल्या आणि स्त्रीपार्ट मागे पडला. कौतुक मात्र टिकलं. १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं.

माझी आई नाट्यसंगीताची वेडी. घरात बालगंधर्वांचा स्त्रीवेशातला फोटो आहे. माझ्याबद्दल तिला सांगितलं तेव्हा मी त्या फोटोकडेच बोट दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, 'अरे, ते नाटक होतं. पडदा पडला की ते कोट-टोपी घालून घरी जायचे. तुझा पडदा कधी पडतो?'

प्रश्न सॉलिड होता. बालगंधर्व साडी नेसले ते भूमिकेसाठी. त्यांना उगाच आमच्यात ओढण्यात अर्थ नाही. मी गे आहे आणि मला नटायला आवडतं. शो संपल्यावर साडी उतरते, मी तोच असतो.

मुंबईतल्या आमच्या रात्री वर्षानुवर्षं पडद्याआडच गेल्या. कुलाब्याच्या 'व्हूडू'मध्ये एके काळी शनिवारी गे मंडळी जमायची. बाकी पार्ट्यांचे पत्ते कानोकानी कळायचे. १८६० च्या दंडविधानातलं कलम ३७७ डोक्यावर होतं. पोलिसांची धास्ती एवढी, की काही गे पार्ट्यांतच 'नो ड्रॅग' असा नियम असायचा. शर्ट-पॅण्ट घाला, गर्दीत खपून जा. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात, आमच्याच पार्टीत, साडीला एण्ट्री नाही!

मग दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलासा दिला, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. त्याआधीच 'किटी सू' क्लबमध्ये ड्रॅग शो सुरू झाले होते. त्या हॉटेल समूहाचे केशव सुरी ३७७ विरोधात कोर्टात गेलेल्यांपैकी एक होते. आता पोस्टरवर वेळ, जागा, तिकीट सगळं छापलेलं असतं.

कोर्टाने पोलिसांची भीती कमी केली. आईच्या प्रश्नाचं उत्तर कोर्ट देणार नाही, ते मलाच द्यायचंय. मागच्या महिन्यात तिला फोन करून विचारलं, 'नाचताना नऊवारी सैल होते, काय करू?' पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाली, 'आधी कमरेची गाठ घट्ट मार. बाकीचं नंतर.'

पुढच्या शोचं एक तिकीट मी तिला पाठवलंय. येईन म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.