माश्या खोटं बोलत नाहीत, पण...

रात्री पुन्हा ‘सीएसआय’चा पहिला सीझन काढून बसले. २००० साली सुरू झालेली ही मालिका, लास वेगासच्या रात्रपाळीतल्या तपासनिसांची. गोळीबरोबर थेट शरीरात घुसणारा कॅमेरा तेव्हा थक्क करायचा, आता त्याचं काही वाटत नाही. डीएनएचा अहवाल मात्र चहा उकळेपर्यंत हातात! प्रत्यक्षात त्याला आठवडे, कधी महिने लागतात. ही घाई मला आजही खटकते, कारण खऱ्या खटल्यांतले ज्युरी मग तसल्याच पुराव्याची वाट बघत बसतात.

पण गिल ग्रिसम आला की मी सावरून बसते. विल्यम पीटरसननं हा कीटकशास्त्रज्ञ काय संयमानं उभा केलाय! एका भागात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या बाईचा मृतदेह सापडतो. अळ्यांच्या वाढीवरून काढलेली मृत्यूची वेळ नवऱ्याच्या पथ्यावर पडते. ग्रिसमला ते पटत नाही. तो मेलेलं डुक्कर तसंच ब्लँकेटमध्ये गुंडाळून उघड्यावर ठेवतो आणि रात्री त्याच्याजवळ बसून राहतो. कापडामुळे माश्यांना आत शिरायला किती उशीर होतो, एवढंच त्याला बघायचं असतं. त्याची सहकारी सारा सोबतीला येते. ना पाठलाग, ना गोळीबार, तरी मी जागची हलले नाही.

मेलेल्या बाईसाठी कुणीतरी असं रात्रभर बसावं, हे मला फार मोलाचं वाटतं. नवव्या सीझनमध्ये पीटरसन मालिकेतून बाहेर पडला. त्यानंतरचे भाग मी पाहिले, पण जीव गुंतला नाही.