तीन पट्ट्या

आमच्या भजनी मंडळात पेटी आता नातू वाजवतो. तो सा, ग, प एकदम दाबतो, तेव्हा म्हातारी मंडळी कुरकुरतात, "भजनात हा बँडबाजा कशाला?"

मी त्याच्याकडून समजून घेतलं. त्याला मेजर कॉर्ड म्हणतात. सा पासून काळ्या-पांढऱ्या धरून पुढं चौथी पट्टी ग, तिथून तिसरी प. मधला ग एक पट्टी खाली, म्हणजे कोमल केला की मायनर; उन्हावर ढग आल्यागत वाटतं. चालीत कोमल ग असला तर मेजर टोचतो, तेवढं मी त्याला सांगितलं.

सूर आपलेच. आपण एकामागून एक घेतो, ते एकदम. आणि पेटी तरी कुठं इथली? तिचं पेटंट १८४२ साली पॅरिसात निघालं. विठ्ठलानं तिला चालवून घेतलं. पोराचा हात पेटीवर आहे, तो उठवू नका.